येडगावहून आलेली ऊब

गेणभाऊमामांनी सुपारीला येण्याचे कबूल केले आणि त्याच दमात सांगितले की, आमच्या गाडीत ते बसणार नाहीत. वारूळवाडीहून अवसरी खुर्द पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे. मग यायचे कसे, असे आईने विचारले. मामांनी पानाची शीर खुडली, चुना लावला आणि म्हणाले, "ते तुमी बघा. मी यायला तयार हाये."

या वाक्यातली भीषणता समजण्यासाठी आमच्या घरात मामा म्हणजे काय, हे सांगायला हवे. वडील गेल्यापासून घराचे मोठेपण आईच्या या थोरल्या भावाकडे आले. मामी वारल्यावर, चार वर्षांपूर्वी, ते आमच्याकडेच राहायला आले. आमच्या घराण्यात लग्नाची सुपारी मामाच्या हातून फुटते. मामा जागेवर नसला तर पाहुण्यांच्या ओट्यावरची पंचवीस माणसे त्याचे पंचवीस अर्थ काढतात, आणि त्यांतला एकही आपल्या बाजूचा नसतो.

माझ्या धाकट्या बहिणीचे, आरोहीचे, एक स्थळ नोव्हेंबरात असेच गेले होते. थंडी पडली की मामांची कंबर धरते. गाडीत अर्धा तास बसले की ती काटकोनात गोठते आणि मग त्यांना उतरवणे म्हणजे दगडातून मूर्ती सोडवणे. म्हणून त्या दिवशी आईने गरम पाण्याची रबरी पिशवी त्यांच्या पाठीशी दिली. पिशवी वाटेत फुटली. पाहुण्यांच्या दारात गाडी थांबली तेव्हा मामांचे नवे धोतर मागून पार भिजले होते, आणि कोमट होते. मामांनी काच वर घेतली. पाहुण्यांनी तीनदा विनवले, मामांनी तीनदा मान हलवली. सत्य सांगावे तर अब्रू जाणार, न सांगावे तर स्थळ. आम्ही स्थळ जाऊ दिले. मामा नाराज असल्याची बातमी आम्ही घरी पोचण्याआधी पोचली होती, आणि दोन दिवसांनी निरोप आला की, घरात एकमत नसेल तर राहू द्या.

आता अवसरीच्या कुशाबांचा मुलगा सुदर्शन. बोलणी झालेली, पत्रिका जुळलेली. आणि पत्रिकेला न विचारता त्या दोघांचेही जुळलेले. कुशाबांकडे नोव्हेंबरची हकिकत पोचली होती. ते सज्जन गृहस्थ, काही बोलले नाहीत, फक्त फोन ठेवताना दरवेळी विचारत, "मामा येणार ना?" सुपारी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी पावणेदहाच्या आत. आरोहीने मला एकट्याला गाठून सांगितले, "दादा, मानपान, साड्या, जेवण, काहीही कमी पडू दे. ह्या वेळी मामा गाडीतून खाली उतरले पाहिजेत. एवढंच बघ."

मी एवढेच बघायला घेतले, आणि तिथून सगळे बिघडले.

माझी पत्नी आरती म्हणाली की, हीटर चालणारी एखादी गाडी त्या दिवसापुरती भाड्याने घ्यावी. सूचना इतकी सरळ होती की ती स्वीकारणे मला अशक्य झाले. आमची गाडी निळी आहे, चौथ्या मालकाची आहे, तिचा हीटर तिसऱ्या मालकाच्या काळातच निवर्तला आहे. पण ती आमची आहे. माणसाच्या दारात स्वतःची गाडी उभी असावी आणि त्याने बहिणीच्या सुपारीला दुसऱ्याच्या गाडीतून उतरावे, यात एक मूक पराभव असतो. तो आरतीला दिसला नाही. मला मात्र तो गल्लीच्या तोंडापासून दिसत होता.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. एकाने वीट भाजून फडक्यात गुंडाळायला सांगितली, एकीने एरंडाची पाने, तिसऱ्याने सुपारीच चैत्रापर्यंत ढकलायला. आमचे शेजारी भगवंतराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. जुन्या एसटीत ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर बसायला कशी झुंबड उडायची, यावर ते अर्धा तास बोलले. "त्या बॉनेटची ऊब, सायेब, आईच्या पोटातबी न्हाई," असे ते म्हणाले, आणि क्षणभर आम्ही दोघेही एका नामशेष झालेल्या उबेकडे पाहत राहिलो.

तिथेच मला कल्पना सुचली. शाळेच्या ग्रंथालयात बसून मी ऊब हा शब्द आयुष्यभर कवितेत वाचत आलो. ती सहवासात असते, जुन्या पत्रांत असते, न परतलेल्या माणसाच्या रिकाम्या जागेत असते, हे मला ठाऊक होते. ती गाडीच्या सीटखाली बसवून मिळते, हे त्या आठवड्यात कळले.

गाडीच्या सेवा केंद्रातल्या स्वच्छ शर्टाच्या तरुणाने मला थंड पाणी दिले आणि सांगितले की, आपल्या हवामानात या सोयीची गरज नसते. मी त्याला मामांच्या कंबरेचे वर्णन ऐकवले. तो म्हणाला, "सर, मग मॉडेल बदला." त्याचा रोख गाडीकडे होता, हे मला दोन चौक पुढे गेल्यावर लक्षात आले.

शेवटी गरम होणाऱ्या गाद्या मी ऑनलाइन मागवल्या. त्या आठ दिवसांनी आल्या. सोबतच्या कागदावर बर्फात उभ्या गाडीत एक परदेशी बाई अत्यंत समाधानाने बसली होती. मामांनी तो कागद बराच वेळ न्याहाळला. मग मला म्हणाले, "आदेश, हिची कंबर बरी दिसती. हिला कशाला पायजे?" नारायणगावातल्या सीटकव्हरवाल्याने गाद्या डाव्या पुढच्या सीटच्या कव्हराखाली शिवून दिल्या.

माणसाने नियमाने वागावे, या माझ्या जुन्या व्याधीने इथे डोके वर काढले. वाहनात बदल केला तर विमा कंपनीला कळवावे, असे कागदावर छापलेले असते. ते वाचणारा बहुधा मी पहिलाच असेन, कारण विमा कचेरीतला कारकून माझ्याकडे तशाच नजरेने पाहू लागला. त्याने विचारले, इंधन बदलले का? नाही. रंग? नाही. इंजिन? नाही. मग बदलले काय? मी म्हणालो, "तापमान." त्याने पेन खाली ठेवले. बदलाआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो आणायला सांगितले. मी आणले. गाद्या कव्हराच्या आत असल्याने दोन्ही फोटो हुबेहूब सारखे होते. त्याने ते उजेडाकडे धरून पाहिले, वरिष्ठांना दाखवले आणि माझा अर्ज 'बदल आढळून येत नाही' अशा शेऱ्यासह परत केला. इतका खोल घाव मला एखाद्या मासिकाच्या संपादकानेही दिलेला नाही.

सुपारीच्या आदल्या दिवशी दुपारी चाचणी घेतली. गाद्यांसोबत आलेले इवलेसे बटन मी दाबले. त्यातून निळसर धूर निघाला आणि ते वितळले. आता दुसरे मागवायला आठ दिवस लागणार होते, आणि माझ्याकडे अठरा तास होते. मामा ओट्यावरून पाहत होते. "मी म्हनलंच व्हतं," ते म्हणाले. प्रत्यक्षात ते काही म्हणाले नव्हते. पण ते नेहमीच काहीतरी म्हणाल्यासारखे बसलेले असतात.

भगवंतराव मला सुभाषकडे घेऊन गेले. सुभाष विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो. आमच्या भागात विहीर एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला आणि शेतीची वीज तिच्या मर्जीने येणारी. म्हणून शेतकरी मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवतात. त्या डबीत सिमकार्ड असते. तिला फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. सुभाषने जळके बटन चिमटीत धरून पाहिले, दयेने बाजूला ठेवले आणि फळीवरून एक राखाडी डबी काढली.

"असलं नाजूक बटन आपल्याकडं टिकत न्हाई, राव. ही डबी बशिवतो. फोन लावला की सीट गरम."

मी म्हणालो की, विहीर लांब असते म्हणून फोन. सीट तर माझ्या शेजारीच असणार.

"मंग तर रेंज लईच चांगली मिळंल," तो म्हणाला.

या युक्तिवादाला उत्तर असते, पण ते सुचायला माणूस सुभाषच्या दुकानाबाहेर असावा लागतो. डबी नवी आहे का, एवढे मी विचारले. रिपेर झालेली आहे, म्हणजे नव्यापेक्षा भारी, असे तो म्हणाला. त्याने ती सीटच्या खाली पार आत, स्क्रूने आवळून बसवली आणि तारा थेट बॅटरीला जोडल्या. मधे किल्लीचा संबंध कशाला ठेवायचा, असा त्याचा प्रश्न होता. विहिरीला कुठे किल्ली असते?

संध्याकाळी चाचणी झाली. मामा अंगणात, गाडीत, अविश्वासाने ताठ बसले. आरतीने फोन लावला. पलीकडून एक गोड, सरकारी, थोडा दुःखी स्त्रीस्वर आला: "नमस्कार. मोटार चालू झाली आहे. मोटार चालू झाली आहे. मोटार चालू झाली आहे. धन्यवाद." मामांनी नकळत हात जोडले. तीन मिनिटांत त्यांचे खांदे सैल झाले, पाच मिनिटांत पापण्या मिटल्या, आणि आठव्या मिनिटाला ते, चार वर्षांत प्रथमच, कोणाचा हात न धरता गाडीतून उतरले. "आता दिल्लीला ने," ते म्हणाले. आरोहीने त्यांच्या फोनमध्येही तो नंबर 'शेक' या नावाने साठवून दिला. त्या रात्री मी शांत झोपलो. असा आनंद माणसाने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा, इतकी अक्कल मला नव्हती.

रविवारी सकाळी साडेआठला मी किल्ली फिरवली. गाडीने एक उसासा टाकला आणि ती मेली. पुन्हा फिरवली, उसासाही आला नाही. बाहेर धुके, पायाखाली ओली गार फरशी, काचेवर दव. आरतीने डाव्या सीटवर मामांची शाल ठेवायला हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. सीट भाजत होती. सगळी गाडी प्रेतासारखी थंड आणि तिची एकच सीट तव्यासारखी तापलेली, हे दृश्य मी अजून विसरलेलो नाही. माझ्या लक्षात आले की, सीटने पहाटेपासून बॅटरी पिऊन टाकली आहे. पण तिला चालू कोणी केले? आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मामा म्हणाले, "माज्याकडं बघू नका. माजा फोन उशाला व्हता."

भगवंतरावांनी सूत्रे हाती घेतली. गल्लीतल्या सहा जणांनी गाडी ढकलली, उतारावर ती गुरगुरली आणि चालू झाली. भगवंतराव धावत येऊन मागच्या सीटवर, आई आणि आरती यांच्या शेजारी घुसले. "आता पोचेस्तोवर इंजिन बंद करायचं न्हाई," ते म्हणाले. "बंद पडलं तर तितं ढकलायला कोण? व्याही?"

दारात आरोही उभी होती. तिने फक्त बोट खाली दाखवले: उतरले पाहिजेत.

हायवेला लागलो तेव्हा नऊला दहा कमी होते. टोमॅटोचे रिकामे पिकअप आमच्या अंगावरून जात होते. मामा सुरुवातीला सुखात होते. कळंब जवळ आले तेव्हा त्यांनी शाल काढली. मग टोपी काढली. मग म्हणाले, "वाईच जास्त व्हतंय."

आरतीने मागून फोन लावला. "मोटार बंद झाली आहे," बाई म्हणाली. आम्ही सुटलो. तीन-चार मिनिटे गेली आणि मामा पुन्हा चुळबुळ करू लागले. सीट आपोआप चालू झाली होती. आरतीने बंद केली. ती पुन्हा चालू झाली. मामांनी काच खाली घेतली आणि नदीवरचा गार वारा आत आला. आई म्हणाली, "भाऊ, कंबर धरंल." मामा म्हणाले, "भाजण्यापरीस बरी."

आरतीने तिसऱ्यांदा फोन लावला आणि कानाशी धरला. मग हळू म्हणाली, "अहो, बिझी आहे."

"काय बिझी आहे?"

"सीट."

मी आरशातून तिच्याकडे पाहिले. आमची सीट दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होती. विश्वासघाताबद्दल मी पुष्कळ वाचले आहे. पण ज्या सीटवर आपला मामा बसला आहे, तिचे बाहेर कुठे सूत असावे, हा अनुभव त्यात कुठेच नव्हता.

सुभाषला फोन लावला. तो आधी हसला, मग अडखळला, मग सगळे बोलला. ती डबी येडगावच्या सावळेराम नावाच्या शेतकऱ्याची होती. त्याने ती दुरुस्तीला टाकली होती आणि सुभाषने त्याला तात्पुरती दुसरी, दुसऱ्या नंबरची दिली होती. सुभाषच्या दुकानात सगळेच तात्पुरते असते: याची डबी त्याला, त्याचा पंप तिसऱ्याला, आणि सहसा कोणाचे काही अडत नाही. सावळेरामने नवा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घातला, पण आईच्या फोनमध्ये घालायला विसरला. त्याची आई झुंबरबाई पहाटेपासून कांद्याच्या वाफ्यावर उभी होती. त्या आठवड्यात शेतीची वीज सकाळी सहाला येत होती. म्हातारी फोन लावी, बाई सांगे की मोटार चालू झाली, आणि पाणी काही येत नसे. ती पुन्हा लावी, मोटार बंद. पुन्हा लावी.

मी आरतीला म्हणालो, सुभाषला सांग, झुंबरबाईंना थांबव. आरतीने विचारून सांगितले, "तो लावतोय. पण त्यांचा फोन बिझी येतोय."

"कोणाशी बोलतायत?"

"आपल्या सीटशी."

सावळेराम बाजारात होता आणि फोन उचलत नव्हता. भगवंतरावांनी सुचवले की डबीच उपटावी. पण डबी सीटखाली पार आत होती. सीट पुढे सरकवल्याशिवाय हात पोचत नव्हता, आणि पुढे मामांचे गुडघे आधीच डॅशबोर्डला टेकले होते. बॅटरीची तार काढायची तर पाना नव्हता. थांबून मामांना उतरवावे, तर पुन्हा बसवता येतील याची खात्री नव्हती. मी गाडी हाकत राहिलो. घड्याळात सव्वानऊ झाले. मंचर मागे पडेपर्यंत सीट बंद झाली होती, आणि या वेळी ती बंदच राहिली. उघड्या काचेच्या वाऱ्याने आपले काम केले होते. मी हळूच विचारले, "मामा, कसं आहे?"

मामा समोर पाहत म्हणाले, "धरली."

अवसरीत कुशाबांच्या दारात मांडव नव्हता, पण माणसे होती. ओट्यावर सतरंज्या, समोर खुर्च्यांची रांग, दोन सवाष्णी पाय धुवायला पाणी घेऊन उभ्या. नऊ पंचवीस झाले होते. मी गाडी दारात थांबवली आणि इंजिन चालूच ठेवले. आई, आरती, भगवंतराव उतरले. मी उतरून डावे दार उघडले. मामा बसूनच राहिले.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला ओळखीची होती. नोव्हेंबरातही त्यांनी माझ्याकडे असेच पाहिले होते. मी वाकून म्हणालो की, मी हात देतो, भगवंतराव पलीकडून धरतील. मामा दातांच्या फटीतून म्हणाले, "पन्नास मानसं बघत्यात. मला पोत्यासारखा उतरीवशील तर याद राख."

"मग त्यांना सांगू का, कंबर धरलीय म्हणून?"

"काय न्हाई सांगायचं. नवरदेवाच्या दारात मामा लुळा? मंग पोरीच्या घरात आनखी काय काय लुळं हाये, ते बघाया येतील."

कुशाबा पुढे आले. सहा फुटांचा माणूस, हातात नवे उपरणे. ते दाराशी वाकले. "मामा, या ना. पानी निवतंय."

"येतो. वाईच बसतो," मामा म्हणाले.

कुशाबा थोडे थांबले, मागे गेले. ओट्यावर माना हलू लागल्या. कोणीतरी कोणाच्या तरी कानाला लागले. मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले की, शुभ कार्याआधी मामा क्षणभर नामस्मरण करतात. मामांच्या ओठांवर त्या वेळी खरोखर काहीतरी होते, पण त्याला नाम म्हणता आले नसते. नऊ तीस.

"सीट चालू कर," मी आरतीला म्हणालो. काल संध्याकाळी उबेनेच ते आठ मिनिटांत उतरले होते. आरतीने पदराआड फोन लावला. बिझी. पुन्हा बिझी. तिसऱ्यांदा लागला, आणि घाईत तिचे बोट स्पीकरवर पडले. अख्ख्या अंगणाने ऐकले: "नमस्कार. मोटार बंद झाली आहे."

म्हणजे झुंबरबाईंनी ती नुकतीच चालू केली होती आणि आम्ही ती बंद केली. आरतीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने पुन्हा लावला. बिझी.

कुशाबा दुसऱ्यांदा आले. या वेळी त्यांच्या आवाजात विनवणी कमी आणि दुखावलेपण जास्त होते. "मामा, नऊ पस्तीस झालं. आमचं काय चुकलं आसंल तर हितंच सांगा. मागल्या टायमाला बी तुमी गाडीतच व्हता, आसं कानावर हाये. पोरगी आमाला पसंत हाये, पर मोठ्या मानसाच्या मनाबिगर न्यायची न्हाई."

हे ऐकून आई मटकन खुर्चीत बसली. सुदर्शन ओट्याच्या कडेला उभा होता. त्याने फोन काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला. मला ठाऊक होते, पलीकडे वारूळवाडीत दारात कोण उभे आहे. मी सत्य सांगायला तोंड उघडले. अब्रू गेली तर जावो, असे मी मनाशी म्हटले, आणि त्याच क्षणी मामांचा चेहरा बदलला.

आधी त्यांच्या कपाळावरची आठी गेली. मग खांदे उतरले. मला कळले: येडगावात कांद्याच्या वाफ्यावर उभ्या असलेल्या म्हातारीने पुन्हा एकदा आशेने फोन लावला होता. मी आरतीचा हात धरला. "आता लावू नकोस," मी म्हणालो. "कोणीही लावू नका." कुशाबांना वाटले मी त्यांच्याशी बोलतोय. ते मागे सरले.

दोन मिनिटे मामा निवांत होते. त्यांनी हळूच पाठ हलवून पाहिली, हलली. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी घाम पुसला. चौथ्या मिनिटाला ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बास." आरतीने फोन लावला. बिझी. झुंबरबाई त्या बाईचे सगळे बोलणे, धन्यवादासकट, शेवटपर्यंत ऐकत असाव्यात. "आदेश, बास म्हनतो ना," मामा म्हणाले. पाचव्या मिनिटाला त्यांनी दोन्ही हात दाराच्या चौकटीवर ठेवले आणि उभे राहिले.

नुसते उभे राहिले नाहीत, ते आले. ताठ, लांब पावले टाकत, कोणाचाही आधार न घेता. चटका सोसून त्यांचे डोळे भरले होते, आणि अंगणातल्या लोकांकडे पाहून त्यांनी ते भरले डोळे तसेच ठेवून हात जोडले. कुशाबांनी त्यांना मिठी मारली. सवाष्णींनी पायांवर पाणी घातले. ओट्यावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, भाचीवर किती जीव हाये. रडतोय मानूस."

त्यांना मधली, उशी घातलेली खुर्ची दिली. मामांनी त्या खुर्चीकडे पाहिले आणि नम्रपणे मान हलवली. खुर्ची नको. अख्खी सुपारी त्यांनी उभ्याने फोडली. नऊ बेचाळीसला अडकित्ता वाजला. मामा उभे म्हणून कुशाबा उभे राहिले, ते उभे म्हणून भाऊकी उभी राहिली, आणि शेवटी सगळी सभाच उभी होती. आमच्या सोयरिकीत एवढा मान आजवर कोणी कोणाला दिलेला नाही, असे अवसरीत अजून सांगतात. मी दूर जाऊन आरोहीला फोन लावला आणि फक्त म्हणालो, "उतरले."

परत येताना मामा मागच्या सीटवर आडवे झोपले. पुढे भगवंतराव बसले आणि त्यांनी वाटभर जुन्या बॉनेटची आठवण काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सुभाषने डबी काढून सावळेरामला परत केली. ती आता येडगावात तिच्या हक्काच्या विहिरीवर आहे. लग्न फाल्गुनात आहे, आणि त्या दिवसासाठी आरतीने हीटर चालणारी गाडी ठरवली आहे. मी विरोध केलेला नाही. आईच्या आग्रहावरून झुंबरबाईंना आमंत्रण द्यायला मी स्वतः येडगावला गेलो. म्हातारी वाफ्यात वाकून काम करत होती. मी कोण, कुठला, हे सांगू लागलो तर तिने हात वर करून थांबवले.

मामांच्या फोनमधला 'शेक' पुसायला आम्ही विसरलो होतो. मामांनी त्या नंबरावरचा विश्वास सोडलेला नाही. सीट नाही, डबी नाही; पण सकाळी कंबर धरली की ते ओट्यावर बसून तो नंबर लावतात, बाईचे सगळे ऐकून घेतात, आणि त्यांना बरे वाटते.

"मला ठावं हाये कोन ते. सुभाषनं समदं सांगितलंय," झुंबरबाई म्हणाली. तिच्यामागे पाटात पाणी खळखळत होते, आणि तिने मोटार लावलेली नव्हती. "पावण्यांना आज लवकर गार लागलं. त्यांना म्हनावं, उद्या वाईच उशिरा लावा. हा वाफा भिजला."